नॅलोक्सोन कुठे ठेवायचं ते आधी मोजा: इंदुरात ओव्हरडोसची नोंदवही उभी करण्याची रीत

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार भारतात अफूवर्गातले पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक होते. यात अफू-डोडा आला, स्मॅक-ब्राउन शुगर आली आणि नशेसाठी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनंही आली. सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल उघडा. अमली पदार्थांच्या ओव्हरडोसच्या रकान्यात देशभरातून वर्षाला काही शे मृत्यू दिसतात. मरणं इतकी थोडी आहेत यापेक्षा ती दुसऱ्या नावांनी नोंदली जातात, हेच जास्त पटतं. आणि जे मरता मरता वाचले त्यांना तर कुठे रकानाच नाही.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे. इंदूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, कारण मंदसौर, नीमच आणि रतलाम हे परवान्याच्या अफूचे जिल्हे माळव्यातलेच आणि इंदूर ही माळव्याची मोठी बाजारपेठ. इथे काम करणाऱ्या संस्था, कॅज्युअल्टीतले डॉक्टर, निवृत्त सिस्टर, वॉर्डातले कार्यकर्ते यांनी मिळून ओव्हरडोसची मोजणी आणि ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचं वाटप कसं बसवायचं, ते टप्प्याटप्प्यानं सांगतो. सगळ्या टप्प्यांना एकच कसोटी लावायची: ज्या नोंदीमुळे नॅलोक्सोनचं एकही ॲम्प्यूल (औषधाची काचेची छोटी बाटली) इथून तिथे हलणार नाही, ती नोंद घ्यायचीच नाही. सर्वेक्षणाच्या हौसेपोटी चाळीस प्रश्नांचे फॉर्म छापले जातात आणि कपाटात पडून राहतात.

आधी ठरवा: ओव्हरडोस कशाला म्हणायचं

अफूवर्गातलं कुठलंही औषध किंवा अमली पदार्थ जास्त झाला की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. माणूस मरतो तो श्वास थांबून. खुणा तीन: हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास अगदी संथ, घरघरता किंवा बंद, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. सावळ्या माणसाचे ओठ निळे दिसतीलच असं नाही, राखाडी दिसतात. म्हणून ओठाची आतली बाजू आणि नखं बघायची.

नॅलोक्सोन हे औषध मेंदूतल्या त्याच जागेवर जाऊन बसतं आणि अफूवर्गातल्या पदार्थाला तिथून हुसकावतं. स्नायूत दिलं तर दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. अमेरिकेत ते १९७१ पासून मंजूर आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१४ साली त्याच संघटनेनं स्पष्ट शिफारस केली की ज्यांच्या समोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे, म्हणजे दोस्त, घरचे, वस्तीतले कार्यकर्ते, त्यांच्या हाती नॅलोक्सोन असावं आणि ते द्यायचं कसं हे त्यांना शिकवावं.

नोंदीसाठी तीन गट पुरेत. ‘नक्की’ म्हणजे तपासणीत पदार्थ सापडला, किंवा नॅलोक्सोन देताच माणूस उठला. ‘बहुधा’ म्हणजे बेशुद्धी आणि मंद श्वास या दोन्ही खुणा, शिवाय जवळ पन्नी (स्मॅक ओढायची चांदी), सुई, गोळ्यांची पाकिटं किंवा सोबत्याचं सांगणं. ‘शंका’ म्हणजे फक्त बेशुद्ध सापडला, बाकी काही ठाऊक नाही. तिसरा गट मोजा, पण बेरजेत धरू नका.

इथे एक घोळ हमखास होतो. शहरात एमडीची चर्चा जोरात आहे, म्हणून प्रत्येक नशेची केस ओव्हरडोसच्या वहीत येऊन पडते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे, अफूवर्गातलं नाही, आणि त्यावर नॅलोक्सोन काम करत नाही. दारू आणि अल्प्राझोलम-नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांवरही नाही. मात्र हेच पदार्थ स्मॅकबरोबर घेतले की श्वास लवकर बुडतो. तेव्हा वहीत ‘सोबत काय घेतलं होतं’ हा रकाना हवाच. ट्रामाडोलची गोष्ट थोडी निराळी. ही दुखण्यावरची अफूवर्गातली गोळी. एप्रिल २०१८ मध्ये ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली. त्याच्या ओव्हरडोसमध्ये झटके येऊ शकतात आणि नॅलोक्सोननं अंशतःच उतार पडतो. अशा माणसाला शुद्ध आली तरी घरी सोडायचं नाही.

माहिती पाच ठिकाणी विखुरलेली असते

पहिली जागा कॅज्युअल्टी. इंदुरात याचा अर्थ मुख्यतः एमवाय, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय, पण खासगी रुग्णालयं विसरू नका. बरी परिस्थिती असलेल्या घरातली मुलं तिकडे नेली जातात. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये ‘ओपिऑइड ओव्हरडोस’ असे शब्द क्वचितच सापडतील. तिथे असतं ‘अननोन पॉयझनिंग’, ‘बेशुद्ध अवस्थेत आणलं’, ‘सबस्टन्स अब्यूज’. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यासाठी कोड ठरलेले आहेत: टी ४०.० अफू, टी ४०.१ हेरॉइन, टी ४०.२ मॉर्फिन-कोडीनसारखी इतर, टी ४०.४ ट्रामाडोल-फेंटानिलसारखी कृत्रिम. पण घाईच्या पाळीत कोड कोण लिहितो? त्यापेक्षा सोपी युक्ती आहे: कॅज्युअल्टीच्या इंडेंट बुकात, म्हणजे औषधं मागवल्याच्या वहीत, दर आठवड्याला किती नॅलोक्सोन उचललं गेलं ते बघा. ऑपरेशन थिएटरचा आकडा त्यात मिसळू देऊ नका. भूल उतरवायलाही हे औषध लागतं, आणि तो हिशेब वेगळा. फक्त कॅज्युअल्टीचा खप अचानक दुप्पट झाला, तर बाहेर काहीतरी बदललंय हे रजिस्टर वाचण्याआधीच कळतं. रुग्णांच्या कागदपत्रांपर्यंत जायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. वेळ लागतो, पण ती मंजुरी हातात असली की पुढे कुणी दार बंद करत नाही.

दुसरी जागा १०८ ची रुग्णवाहिका. त्यांच्याकडे कॉलची वेळ आणि ठिकाण नेमकं असतं, निदान मात्र ढोबळ. नावं मागायचीच नाहीत. महिन्याला वॉर्डवार बेशुद्ध आणि विषबाधेच्या कॉलची संख्या मिळाली तरी पुष्कळ.

तिसरी जागा पोलीस ठाणं आणि शवागार. आपल्याकडे अनैसर्गिक मृत्यूला ‘मर्ग कायम’ होतो, म्हणजे पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, पीएम (शवविच्छेदन) होतं, विसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल यायला महिने लागतात. तोवर मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून झालेलं असतं. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो, त्यातून कारण कळत नाही. म्हणून मृत्यूच्या यादीला दोन तारखा ठेवा, मृत्यूची आणि कारण पक्कं झाल्याची. मार्चचा मृत्यू ऑक्टोबरमध्ये पक्का झाला तर तो मार्चच्याच रकान्यात टाका. नाहीतर ऑक्टोबरमध्ये साथ आल्यासारखं वाटेल आणि मार्च कोरडा दिसेल.

चौथी जागा व्यसनमुक्ती केंद्रं आणि ओएसटी सेंटर, म्हणजे नशेच्या जागी देखरेखीखाली पर्यायी औषध देणारी केंद्रं. इथे नवीन माणूस आला की दोनच प्रश्न विचारायचे: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः कधी असे बेशुद्ध पडलात का? तुमच्यासमोर कुणी पडलं का? पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं मोकळी मिळतात.

पाचवी जागा सगळ्यात महत्त्वाची: ड्रॉप-इन सेंटर, म्हणजे नशा करणाऱ्यांना सहज येऊन बसता येईल अशी जागा, आणि तिथले पीअर, म्हणजे जे स्वतः या वाटेनं गेले आहेत आणि आता वस्तीत काम करतात. बहुतेक ओव्हरडोस रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. गार पाणी मारतात, मिठाचं पाणी टोचतात, थोबाडीत देतात, आणि माणूस उठला तर उठला. (यातला एकही उपाय कामाचा नाही, मिठाचं पाणी टोचण्यात गेलेली पाच मिनिटं श्वासाची असतात.) ही गोष्ट फक्त पीअरला कळते, आणि तीही त्यानं वही उघडलेली नसेल तेव्हा. ‘क्या भिया, सब ठीक? कोई लुढ़का क्या इस हफ्ते?’ असं सहज विचारलं तर मिळतं. फॉर्म पुढे करून विचारलं की ‘नहीं साब, कुछ नहीं’. तेव्हा गप्पा आधी, नोंद मागाहून, सेंटरवर परतल्यावर.

फॉर्म एका पानाचा, आणि त्यातलंही अर्धं पान कोरं

अमेरिकेत २०१७ पासून ओडीमॅप नावाची व्यवस्था चालू आहे. घटनास्थळी पोचलेला पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा कर्मचारी मोबाइलवर दोनच गोष्टी टिपतो, माणूस वाचला की गेला आणि नॅलोक्सोन दिलं की नाही. जागा आणि वेळ आपोआप चढते. काही तासांत नेहमीपेक्षा जास्त ठिपके दिसले तर शेजारच्या भागांनाही इशारा जातो. यातला नोंदीचा आटोपशीरपणा जसाच्या तसा उचलावा. यंत्रणा पोलिसांच्या हाती असणं मात्र आपल्याकडे चालणार नाही, ते का ते पुढे येईलच.

आपला फॉर्म असा: तारीख आणि अंदाजे वेळ. वॉर्ड क्रमांक. महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत, तेवढं बारकाईचं विभाजन पुरतं. गल्ली किंवा घर लिहायचं नाही. वय दहा-दहा वर्षांच्या गटात, आणि लिंग. काय घेतलं होतं आणि कसं: पन्नीवर ओढून, सुईनं की गिळून. सोबत दारू किंवा गोळ्या होत्या का. एकटा होता का. नॅलोक्सोन दिलं का, कुणी, किती ॲम्प्यूल. १०८ ला फोन केला का, आणि नसेल तर का नाही. शेवटी काय झालं. आणखी एक रकाना: गेल्या महिन्याभरात जेल, व्यसनमुक्ती केंद्र किंवा रुग्णालयातून बाहेर आला होता का.

‘फोन का नाही केला’ हा रकाना मोकळा ठेवा, पर्याय छापू नका. पोलीस येतील म्हणून, मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता, घरमालकाला कळेल, आधी एकदा गाडी आलीच नव्हती. यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या दरवाजावर नेऊन ठोठवायचं असतं. पर्याय छापले की सगळे ‘इतर’वर खूण करतात.

एकच घटना तीन जागांहून येते, म्हणून दुबार मोजणी टाळायला कोड लागतो. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या नावाचं शेवटचं अक्षर, जन्माचा महिना आणि लिंग, इतकं जोडलं की झालं. आधार किंवा फोन नंबर कुठेही नको. कोड आणि तारीख जुळली की ती एकच घटना समजायची. थोडे चुकीचे जुळतील, थोडे सुटतील. चालतं.

औषध: बळ, बाटली, उन्हाळा

नॅलोक्सोन भारतात शेड्यूल एचचं औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. ते अमली पदार्थ नाही आणि एनडीपीएसच्या यादीतही नाही. हे वाक्य किटवरच्या कार्डावर हिंदीत ठळक छापा, कारण तपासणीत सुई आणि काचेची बाटली सापडली की प्रश्न विचारला जाणारच. वाटपासाठी एक नोंदणीकृत डॉक्टर सोबत हवाच. त्यांनी प्रत्येक व्यक्तीला चिठ्ठी लिहावी, प्रशिक्षण झाल्याची सही करावी आणि कार्डावर दवाखान्याचा शिक्का मारावा. नेझल स्प्रेची चित्रं पाहून त्यासाठी अडून बसू नका. आपल्या कामाला साधं इंजेक्शन पुरतं. शिकागोतल्या स्वयंसेवकांनी १९९६ पासून वाटप सुरू केलं ते इंजेक्शननंच.

खरेदीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: बळ. मोठ्यांसाठी १ मिलिलीटरमध्ये ०.४ मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल लागतं. नवजात बाळांसाठी ०.०२ मिलिग्रॅमचंही येतं. फरक वीस पटींचा. दवा बाजारात नुसतं ‘नॅलोक्सोन’ म्हणून ऑर्डर दिली तर काय हातात पडेल सांगता येत नाही. ऑर्डरवर बळ लिहा आणि माल आल्यावर प्रत्येक खोका उघडून वाचा.

किटमध्ये ०.४ चे किमान दोन, शक्यतो तीन ॲम्प्यूल, २ किंवा ३ मिलिलीटरच्या दोन सिरिंज, २३ गेजच्या इंचभर लांबीच्या सुया, हातमोजे, कापूस आणि चित्रांचं कार्ड. काच फुटते, म्हणून कापसात गुंडाळून प्लॅस्टिकच्या साबणदाणीत ठेवा. खिशात मावली पाहिजे. मोठा लाल डबा दिला तर तो घरी फळीवर राहील, आणि ओव्हरडोस घरात फळीखाली होत नाही.

उन्हाळ्याचं बघावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटीच्या डिकीत औषध भाजून निघतं. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाखाली आणि उजेडापासून दूर ठेवा, पण गोठवू नका. एप्रिल ते जून ज्यांच्याकडे किट आहे त्यांची बाटली एकदा डोळ्यांनी बघून घ्या. द्रव गढूळ किंवा रंगीत दिसला तर बदलून द्या. वापरलेल्या सुया पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात, ही २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतली विभागणी. कचरा उचलण्याचा करार आधी, वाटप नंतर.

किट देताना काय शिकवायचं

पंधरा-वीस मिनिटांत होतं. संत्र्यावर किंवा स्पंजवर प्रत्येकानं एकदा सुई टोचून पाहिली पाहिजे. नुसतं ऐकून हात धजत नाही.

मोठ्यानं हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं घासा. जाग नाही तर १०८. फोनवर ‘नशा केलीय’ म्हणायची गरज नाही, ‘बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ एवढं खरं आणि पुरेसं. पाठीवर झोपवा, तोंडातली गुटखा-सुपारी काढा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. नाडी लागत नसेल आणि तुम्हाला छाती दाबणं येत असेल तर तेही करा. श्वास देणं हे नॅलोक्सोनइतकंच महत्त्वाचं आहे; बाटली शोधण्यात दोन मिनिटं गेली तर तेवढा वेळ मेंदूला प्राणवायू मिळाला पाहिजे. मग एक ॲम्प्यूल सिरिंजमध्ये भरा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्याच्या स्नायूत सरळ टोचा, पातळ कपड्यावरूनही चालतं. पुन्हा श्वास. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरं. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी गुदमरणार नाही.

पुढचा भाग लोक विसरतात. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि आत गेलेला पदार्थ त्याहून जास्त वेळ टिकू शकतो. माणूस उठून बसला, बोलला, चिडला, आणि तासाभरानं पुन्हा बुडाला असं होतं. मेथाडोनसारख्या लांब चालणाऱ्या औषधांत तर नक्कीच. शिवाय शुद्धीवर येताना त्याला तोड लागते: अंग मोडतं, उलटी होते, तुमच्यावरच खेकसतो, ‘मेरा नशा क्यों उतार दिया?’ आणि लगेच पुन्हा घ्यायला निघतो. त्याला सांगा की आत्ता घेतलंस तर चढणार नाही आणि तासाभरानं दोन्ही मिळून अंगावर येतील. बसून राहा त्याच्याजवळ.

घरच्यांना किट देणं हे वेगळं काम आहे आणि आपल्या मराठी घरांत जास्तच अवघड. रामबाग असो की सुदामानगर, ‘आमच्यात असलं काही नाही’ इथपासून सुरुवात होते. मग कधीतरी एखादी आई एकटी येते आणि विचारते, ‘हे घरात ठेवलं म्हणजे त्याला मोकळीक दिल्यासारखंच नाही का?’ तिला उत्तर सरळ द्यावं: ‘काकू, हे त्याच्यासाठी नाहीच. बेशुद्ध माणूस स्वतःला इंजेक्शन कसं देणार? हे तुमच्यासाठी आहे.’ घरात कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन किंवा फेंटानिलची पट्टी चालू असेल तर मात्र हे किट परस्पर देऊ नये. तिथे नॅलोक्सोननं वेदना एकदम उसळतात, म्हणून मात्रा पॅलिएटिव्हच्या, म्हणजे वेदना कमी करण्याचे उपचार देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची.

दोन वह्या एकत्र वाचायच्या

एका वहीत घटना, दुसरीत ॲम्प्यूल. दुसऱ्या वहीत बॅच क्रमांक, मुदत, कुणाला दिलं त्याचा कोड, पहिलं किट की भरपाई (आधीच्या किटच्या बदल्यात दिलेलं), आणि भरपाई असेल तर कारण: वापरलं, फुटलं, हरवलं, पोलिसांनी घेतलं, दुसऱ्याला दिलं, मुदत संपली. महिन्याच्या शेवटी कपाटातला साठा हाती मोजायचा. आरंभीचा साठा अधिक आलेला माल, वजा वाटलेला, फुटलेला आणि मुदतबाह्य, म्हणजे कपाटातला आकडा. जुळला नाही तर त्याच दिवशी शोधा.

किती वाटलं यावर खूश होण्यात अर्थ नाही. ‘हजार किट वाटले’ ही बातमी होते, पण हजारातले किती योग्य खिशात आहेत? त्यासाठी बघायचं ते भरपाईचं प्रमाण. एखाद्या वॉर्डातून घटना येतात पण भरपाई मागायला कुणी येत नाही, तर किट चुकीच्या लोकांकडे गेलंय. भरपाई येते पण घटनांची नोंद नाही, तर पीअरला लोक सांगत नाहीयेत. दोन्ही शून्य असतील तर तो वॉर्ड सुरक्षित आहे असं समजू नका, तिथे आपलं कुणी जातच नाही एवढंच ते सांगतं.

न दिसणाऱ्या घटनांचा अंदाज बांधायची एक जुनी रीत आहे, मासे आणि पक्षी मोजणारे ती वापरतात. समजा तीन महिन्यांत पीअरच्या यादीत ३० घटना आहेत, कॅज्युअल्टीच्या यादीत १२, आणि कोड जुळवल्यावर ४ घटना दोन्हीकडे सापडल्या. ३० गुणिले १२ भागिले ४, म्हणजे एकूण अंदाज ९०. प्रत्यक्ष माहीत झालेल्या ३८, म्हणजे ५२ कुणालाच दिसल्या नाहीत. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं यात गृहीत आहे. पीअरच रुग्णाला रुग्णालयात नेत असेल तर दोन्हीकडे सापडणाऱ्या घटना वाढतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. तरीही ‘आमच्याकडे फारशा केसेस नाहीत’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हे गणित मांडून पाहा.

आणि जेल. आत असताना नशा तुटते, शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुनीच मात्रा घेतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. स्कॉटलंडनं २०११ मध्ये राष्ट्रीय नॅलोक्सोन कार्यक्रम सुरू केला तेव्हा यशाचं मोजमापच ते ठरवलं: अफूवर्गीय पदार्थांमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी किती मृत्यू सुटकेनंतरच्या चार आठवड्यांतले. २००६ ते २०१० मध्ये ते ९.८ टक्के होते, पुढच्या तीन वर्षांत ६.३ टक्क्यांवर आले. इंदूर सेंट्रल जेलच्या दाराशी किट देण्याची परवानगी मिळवायला महिने लागले तरी त्यात पडा. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटणाऱ्यालाही तोच धोका. डिस्चार्जच्या कागदाबरोबर किट देण्यात कुणाची परवानगी आड येत नाही, केंद्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुरते.

इशारा कधी द्यायचा

आकडे लहान असतात तेव्हा सरासरी आणि टक्केवारी फसवते. साधा नियम ठेवा: लागून असलेल्या वॉर्डांत सात दिवसांत तीन घटना, किंवा आठवड्यात दोन मृत्यू, किंवा एकाच आठवड्यात बऱ्याच जणांना दोनपेक्षा जास्त ॲम्प्यूल लागले, तर त्याच संध्याकाळी पीअर, कॅज्युअल्टी आणि १०८ ला कळवायचं. तिसरी खूण माल बदलल्याची असू शकते. संदेशात ‘जोरदार माल आलाय’ हे शब्द चुकूनही नकोत, काहीजण तोच शोधत निघतात. ‘एकटे घेऊ नका, किट जवळ ठेवा, कुणी घोरत असेल तर झोपू देऊ नका’ एवढंच.

पोलीस आणि वही

विषबाधेचा संशय आला की रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद, करतं आणि पोलिसांना कळवतं. म्हणूनच सोबती रुग्णाला कॅज्युअल्टीच्या दारात सोडून पळतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोनं २००७ मध्ये पहिला कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर जवळ नशा सापडली म्हणून खटला नाही. पुढे बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याकडचं चांगल्या नागरिकाचं कलम, म्हणजे मदतीला धावणाऱ्याला संरक्षण देणारं, मोटार वाहन कायद्यातलं आहे आणि रस्त्यावरच्या अपघातापुरतंच. एनडीपीएसच्या कलम ६४ अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि छोट्या मात्रेच्या गुन्ह्यात संरक्षण आहे, पण मित्रासाठी फोन करणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये मात्र दुसऱ्याच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, त्याची संमती मिळणं शक्य नसताना केलेल्या कृतीला संरक्षण आहे. हे कार्यकर्त्यांना सांगून ठेवा. आणि १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कायदेशीर सोपस्कारांआधी उपचार. एखाद्या ठिकाणी ‘आधी पोलीस’ असं ऐकावं लागलं तर हे नाव उपयोगी पडतं.

त्यामुळे वही पोलिसांच्या हाती जाता कामा नये आणि त्यांच्याशी वैरही परवडत नाही. त्यांना दर तिमाहीला शहराचा एकत्रित आकडा द्या, बदल्यात मर्गाचे आकडे मागा. वॉर्डवार नकाशा बाहेर देऊ नका. नकाशा छापला की दुसऱ्या दिवशी तिथे धाड पडते आणि तिसऱ्या दिवशी पीअरला कुणी दारात उभं करत नाही. जाहीर अहवालात पाचपेक्षा लहान आकडा ‘पाचहून कमी’ असाच लिहा, नाहीतर वस्तीतले लोक ‘तो म्हणजे अमक्याचा मुलगा’ हे दोन मिनिटांत ओळखतात. मूळ वही आणि कोडची यादी वेगवेगळ्या कपाटांत, किल्ल्या दोघांकडे.

सुरुवात

सगळं शहर एकदम धरू नका. एक ड्रॉप-इन सेंटर, एक कॅज्युअल्टी, एक चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर. पहिल्या आठवड्यात फॉर्म हिंदीत छापा आणि पीअरना भरून पाहू द्या. ते ज्या प्रश्नावर अडतील तो काढून टाका. दुसऱ्या आठवड्यात कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा, डॉक्टरांच्याही आधी, कारण इंडेंट बुक त्यांच्या हाती असतं. तिसऱ्या आठवड्यात औषधाची ऑर्डर, बळ तपासून. चौथ्या आठवड्यात पहिले किट पीअरनाच द्या, बाहेर कुणाला नाही. महिनाभर ते त्यांच्या खिशात फिरू दे. तीन महिन्यांनी दोन्ही वह्या घेऊन सगळे एकत्र बसा आणि पुढचं किट कुठल्या वॉर्डात जायचं ते त्या बैठकीत ठरवा.